क्युरासाओ वर्ल्ड कपला पोचलं, पण हा संघ कोणाचा?

कोल्हापूरचा_विंगर
१८ नोव्हेंबर २०२५ ला किंग्स्टनमध्ये जमैकाशी ०-० बरोबरी झाली आणि कॅरिबियन समुद्रातलं क्युरासाओ २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला पात्र ठरलं. वस्ती दीड लाखाच्या आसपास, बेट ४४४ चौरस किलोमीटरचं. एवढा लहान देश आजवर तिथे पोचला नव्हता. आधीचा विक्रम आइसलँडचा. सगळीकडे कौतुक चाललंय, मला मात्र खटकतंय. या संघातले जवळपास सगळे नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथल्याच अकादम्यांत घडले. बाकुना बंधू ग्रोनिंगनचे, गोलकीपर एलॉय रूम नाइमेखनचा. बेटावर जन्मलेला ताहिथ चाँग, तोही पोरवयातच फेयेनूर्ड या डच क्लबकडे गेला. पात्रता फेरीतले प्रशिक्षक डिक अडव्होकाटही डच. बेटाची राजधानी विलेमस्टाडच्या गल्लीत खेळणाऱ्या पोराच्या वाट्याला यातलं काय आलं?

आजोळ
विंगर, अजिबात पटलं नाही. क्युरासाओ आजही डच राजसत्तेचाच भाग आहे, पासपोर्टही तोच. शिक्षणाला, नोकरीला माणसं पिढ्यान् पिढ्या तिकडे जातात. त्यांची मुलं तिथे जन्मली म्हणून आजी-आजोबांच्या बेटाशी नातं तुटतं का? जमैकाच्या संघातही इंग्लंडमध्ये जन्मलेले होतेच की. आणि तो सामना बघा. अडव्होकाट घरच्या अडचणीमुळे आलेच नव्हते. जमैकाचे फटके तीनदा गोलपोस्टला लागले. भरपाई वेळेत पंचांनी जमैकाला पेनल्टी दिली, मग व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओवर, पाहून ती रद्द केली. अशा वेळी बेटाबद्दल काही वाटत नसलेली माणसं जिवाच्या आकांताने बचाव करत नाहीत. पात्रता फेरीच्या गटात एकही सामना हरले नाहीत हो!

ताळगावकर
आजोळ यांच्याशी सहमत. २०१९ च्या किंग्स कपमध्ये, थायलंडच्या बुरिरामला, याच क्युरासाओने आपल्याला ३-१ हरवलं होतं. आपला एकमेव गोल छेत्रीचा, पेनल्टीवर. सव्वाशे कोटींच्या वर लोकसंख्या असून आपण बघत राहिलो. आमच्या गोव्यातली कितीतरी माणसं पोर्तुगीज पासपोर्ट घेतात आणि भारताच्या संघाचं दार त्यांना बंद होतं, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. क्युरासाओने परमुलखातली आपली पोरं जवळ केली. त्यात कमीपणा कसला?

कोल्हापूरचा_विंगर
त्या खेळाडूंच्या निष्ठेवर माझा आक्षेप नाहीच. रूमने तर वर्षानुवर्षं या संघाची गोलपोस्ट सांभाळली. पण बेसबॉलकडे बघा: अँड्र्यू जोन्स, केन्ली जॅन्सन, दोघेही विलेमस्टाडचे, बेटावरच खेळून वर आले. म्हणजे बेटावर गुणवत्तेचा दुष्काळ नाही. तिथलं पोर फुटबॉलमध्ये वर का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आजोळ
हा प्रश्न रास्त आहे. पण क्रम उलटा लावू नका. बेसबॉलमध्येही जोन्स आधी चमकला, मग पोरं त्याच्यामागे मैदानात उतरली. २०१७ चा कॅरिबियन कप याच पद्धतीच्या संघाने जिंकला, तोही जमैकालाच हरवून. आधी संघ उभा राहिला म्हणून आज जग बेटाचं नाव घेतंय.

कोल्हापूरचा_विंगर
२०१७ पासून आठ वर्षं गेली, तरी संघात बेटावर घडलेली पोरं दिसत नाहीत. आता फिफाकडून सहभागाचे पैसे येतील. ते बेटावरच्या मैदानांत आणि स्थानिक लीगच्या प्रशिक्षकांच्या पगारात गेले, तर तुमचं म्हणणं मी मान्य करीन.