मदत हवी आहे: क्लॅम चाउडर दाट हवं, पण खळ नको

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत आणि क्लॅम चाउडर, म्हणजे शिंपल्यांचं दुधातलं दाट सूप, करायचं ठरवलंय. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. आईबाबा रत्नागिरीहून आलेत. केप कॉडला धक्क्यावरच्या एका छोट्या हॉटेलात बाबांनी चाउडर खाल्लं आणि वाडगा अगदी पुसून संपवला. तिसऱ्यांना (आपल्याकडच्या छोट्या शिंपल्यांना) ओलं खोबरं लागतंच असं मानणारा माणूस, दुधातल्या शिंपल्यांवर इतका खूश होईल असं वाटलं नव्हतं. आता त्यांना ते घरचं खायला घालायचंय.

रंगीत तालीम म्हणून करून पाहिलं. चव जवळपास जमली, पोत नाही. बटरवर मैदा परतून त्यात शिंपल्यांचं पाणी आणि दोन टक्केवालं दूध घातलं होतं. उकळी आली तसे दुधात बारीक कण दिसायला लागले, आणि गार झाल्यावर भांड्यात खळ बसली. चमचा उभा राहील इतकं दाट, पण जिभेवर नुसता मैदा.

तर दूध न फाटता दाटपणा कसा आणायचा? शिंपले ताजे घ्यावेत की डब्यातले? इथे सगळे बेकन किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालतात, आमच्याकडे ते चालत नाही, मग त्या खमंगपणासाठी काय करू? आणि आई शाकाहारी आहे. तिच्यासाठी त्याच दिवशी वेगळं काही करता येईल का, की जे खाताना तिला बाजूला बसवल्यासारखं वाटणार नाही?

----

खाडीकाठ:

मैदा काढूनच टाका. जुन्या चाउडरला तो लागायचाच असं नाही. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात १७५१ साली छापलेली कृती आहे, तीही पद्यात. त्यात कांदा, डुकराचं मांस, मासा आणि कडक बिस्किटं यांचे थर लावायला सांगितलंय. दाटपणा त्या बिस्किटांचा. पुढे बटाटा आला, दूध आलं, आणि मैद्याचा दाटपणा हॉटेलांनी वाढवला. घरी दाटपणा बटाट्यातूनच येऊ द्या. दोन जातींचे घ्या: रसेट पिठूळ असतो, तो विरघळून रस दाट करतो. युकॉन गोल्डच्या फोडी मात्र शाबूत राहतात. फोडी शिंपल्यांच्या पाण्यातच शिजवायच्या, दुधात नाही. मऊ झाल्या की चार-पाच फोडी पळीने भांड्याच्या कडेला दाबून मोडा. रस लगेच अंगाला येतो.

दूध फाटतं कारण पातळ दुधात प्रथिनं जास्त आणि त्यांना आवरायला स्निग्धांश कमी. त्यात शिंपल्यांच्या पाण्यातलं मीठ आणि वर खळखळ उकळी. हेवी क्रीममध्ये साधारण ३६ टक्के स्निग्धांश असतो, ते उकळीलाही बरंच टिकतं. सहा वाडग्यांना कपभर पुरे. दूध घालायचंच असेल तर होल मिल्क घ्या, वेगळं गरम करा आणि अगदी शेवटी, मंद आचेवर ओता. कडेला बारीक बुडबुडे दिसले की गॅस बंद.

----

वाटीभर:

शिंपल्यांबद्दल मी सांगते. तुमच्याकडे ताजे मिळतात तर ताजेच घ्या. चेरीस्टोन म्हणजे मध्यम आकाराचे मागा. लिटलनेक फार लहान, आणि सर्वांत मोठे क्वाहॉग वातड होतात, ते फार बारीक चिरावे लागतात. कवचासकट साडेतीन-चार किलो आठ जणांना पुरतील. धुताना एखादा उघडा दिसला तर टिचकी मारा, मिटला नाही तर टाकून द्या. मोठ्या पातेल्यात तीन-चार कप पाणी उकळून त्यात घाला, झाकण ठेवा. आठ-दहा मिनिटांत तोंडं उघडतील. जो उघडेल तो लगेच बाहेर काढायचा, बाकीच्यांची वाट पाहायची नाही. शेवटपर्यंत मिटलेले टाकायचे.

आता खरा ऐवज म्हणजे खालचं पाणी. थोडं थांबा, रेती तळाशी बसू द्या, मग पातळ मलमलच्या फडक्यातून गाळा आणि तळाचा शेवटचा घोट भांड्यातच सोडा. हे पाणी मुळातच खारट असतं, म्हणून क्रीम घालून चव पाहीपर्यंत मिठाच्या डब्याला हात लावू नका. मांस बारीक चिरून अगदी शेवटी घालायचं, फक्त गरम होण्यापुरतं.

डब्यातलेही वाईट नाहीत. त्यांचं पाणी आणि बाटलीतलं क्लॅम ज्यूस मिळून काम भागतं, फक्त समुद्राचा वास कमी येतो.

----

खाडीकाठ:

बेकनचं राहिलं. बटर जरा सढळ घ्या. कांदा आणि सेलरी त्यात मंद आचेवर मऊ होऊ द्या, लाल करू नका, नाहीतर चाउडरचा रंग जातो. धुराच्या वासासाठी पाव चमचा स्मोक्ड पेपरिका (धुरावलेल्या लाल मिरचीची पूड), एवढंच. थाइमची काडी आणि बे लीफ घाला. आपलं तमालपत्र त्याऐवजी नको, त्याला दालचिनीकडे झुकणारा वास असतो, तो दुधात चढतो.

----

पाणकणीस:

आईंसाठी कॉर्न चाउडर करा, आणि ते त्यांच्यापुरतं नको, मोठं भांडं करा. सगळेच खातील. कणसाचे दाणे सुरीने काढून घ्या, मग सुरीच्या पाठीने कणीस खरवडा. जे दुधाळ निघतं त्यातच दाटपणा आहे. उरलेली बुरकुंडं पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळा, तो तुमचा स्टॉक. बाकी सगळं क्लॅमसारखंच: बटर, कांदा, बटाटा, शेवटी क्रीम. फक्त इथे मीठ नीट घालावं लागतं. मुठभर दाणे मिक्सरमधून काढून घातले तर मोडलेल्या बटाट्याचीही गरज नाही. पळी आणि भांडं वेगळं ठेवा, आईंना बरं वाटेल.

----

मुंबईकर_७:

अवांतर, पण तिसऱ्यांचं जमेल का? आणि टोमॅटो घातला तर?

----

वाटीभर:

तिसऱ्यांचं छान होतं. मांस कमी निघतं, म्हणून पाण्यावर जास्त भिस्त ठेवायची. आपल्याकडच्या खोक्यातल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्केच स्निग्धांश असतो, ते गॅस बंद करून घाला. टोमॅटो दुधाच्या चाउडरमध्ये नकोच, आंबटपणाने दूध फाटेल. टोमॅटोवालं ते मॅनहॅटन चाउडर, त्यात दूध नसतं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे तुमच्या बॉस्टनच्या भागातल्या, लोकांना ते इतकं टोचतं की १९३९ मध्ये मेन राज्याच्या विधिमंडळात चाउडरमधल्या टोमॅटोवर बंदी आणायचं विधेयक मांडलं गेलं होतं.

----

धागाकर्ती:

खूप खूप आभार! मैदा रद्द, दोन भांडी नक्की. फक्त एक विचारते, शनिवारी दिवसभर धावपळ आहे. शुक्रवारी रात्री करून ठेवलं तर?

----

खाडीकाठ:

बटाटे शिजवून मोडण्यापर्यंतचं शुक्रवारी करा, फ्रिजमध्ये ठेवा. शिंपले शिजवून चिरलेलं मांस वेगळ्या डब्यात. शनिवारी बटाट्याचा रस मंद तापवा, गरम क्रीम आणि मांस घाला, झाकून अर्धा तास मुरू द्या आणि वाढा. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, बटाटा रवाळ होतो आणि क्रीम सुटतं. ऑयस्टर क्रॅकर्स (छोटी खारी बिस्किटं) ताटात वेगळे ठेवा, ज्याने त्याने वरून घालायचे.