वडिलांना चालता आले नाही. मी यशयाचे ते वाचन कसे करू?

प्रश्न (मालवणहून)

आमच्या कॅथलिक चर्चमधील मराठी मिस्सात, म्हणजे रविवारच्या मुख्य उपासनेत, मी गेली नऊ वर्षे बायबलमधील उतारे मोठ्याने वाचणारी वाचक म्हणून सेवा करते. यंदा नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारचे, म्हणजे १४ डिसेंबर २०२५ चे पहिले वाचन माझ्याकडे आले आहे. बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३५ व्या अध्यायातील हे वाचन घरी मोठ्याने वाचू लागले, तेव्हा लंगडा हरणासारखा उड्या मारील, या ओळीपाशी माझा आवाज बसला. माझे वडील दोन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. त्या दोन वर्षांत आमच्या घरी एकही रात्र रोझरीच्या प्रार्थनेवाचून गेली नाही, आणि मी देवाजवळ एवढेच मागत होते की त्यांनी काठी टेकत का होईना, ओटीवरून खळ्यापर्यंत चालावे. ते चालले नाहीत. ऑगस्टमध्ये, भर पावसात, आम्ही त्यांना निरोप दिला.

मी देव मानणे सोडलेले नाही, मिस्साही चुकवत नाही. परंतु ज्या वचनावर आज माझे मन पूर्णपणे ठरत नाही, ते वेदीजवळ उभे राहून वाचायचे आणि शेवटी ‘प्रभूचा शब्द’ असे म्हणायचे, हा दांभिकपणा ठरेल का? फादरांना सांगून ते वाचन दुसऱ्याला द्यावे का? माझे सांत्वन करावे म्हणून मी हे लिहीत नाही. मला या प्रश्नाचे उत्तर हवे आहे.

उत्तर (वसईहून)

ताई, तुमचा प्रश्न वाचल्यावर त्या रविवारची तिन्ही वाचने मी पुन्हा एकत्र वाचली. यशयाचे ते वाचन त्या दिवशी एकटे येत नाही. त्याच मिस्सात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, ११ व्या अध्यायाचे वाचन आहे. ज्याने यार्देन नदीकाठी लोकांना येणाऱ्याची वाट पाहायला शिकवले, तो बाप्तिस्मा करणारा योहान हेरोद राजाच्या तुरुंगात पडलेला आहे आणि शिष्यांना पाठवून येशूला विचारतो की, जो येणार होता तो तूच, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? हा प्रश्न कोणा निंदकाचा नाही. ज्याने आयुष्य त्या वाट पाहण्यावर ओवाळून टाकले, त्याचा आहे. उपासनेच्या वर्षात हा प्रश्न नेमका आगमनकाळाच्या मध्यावर, आनंदाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि याजक गुलाबी वस्त्रे घालू शकतात अशा रविवारी, सर्वांसमोर वाचला जातो.

येशूने दिलेले उत्तर मला फार दिवस कळत नव्हते. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे योहानाला जाऊन कळवा, असे तो म्हणतो. या शब्दांत यशयाचे ३५ आणि ६१ हे दोन्ही अध्याय ऐकू येतात. पण ६१ व्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात बंदिवानांच्या सुटकेचीही घोषणा आहे, ती या निरोपात नाही. दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो की नासरेथच्या सभास्थानात येशूने ते वचन स्वतः वाचले होते. तुरुंगातल्या माणसाला पाठवलेल्या निरोपात मात्र सुटकेचा उल्लेख नाही. यशया ज्याला मुखोद्गत असणार, त्या योहानाला ही उणीव जाणवली नसेल असे मला वाटत नाही. त्याची सुटका झाली नाही. मत्तयाच्या १४ व्या अध्यायात त्याचा शिरच्छेद होतो. म्हणजे वचन पूर्ण होत असल्याचा निरोप ज्याला मुद्दाम पाठवला गेला, त्याच्या स्वतःच्या बाबतीत ते पूर्ण झाले नव्हते.

तुमचे वडील का चालले नाहीत, याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते आपल्याजवळ आहे असे सांगणाऱ्याचे तुम्ही ऐकू नये, अशी माझी विनंती आहे. मला एवढेच दिसते की योहानाने आपला संशय ज्याच्याविषयी होता त्याच्याकडेच पाठवला, आणि येशूने त्याबद्दल त्याला दोष न देता लोकांसमोर त्याचा गौरव केला.

दांभिकपणाविषयी म्हणाल, तर वाचक तेथे आपल्या विश्वासाचे माप दाखवायला उभा राहत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयी जे घटनापत्र जाहीर केले, त्यात म्हटले आहे की चर्चमध्ये पवित्र शास्त्र वाचले जाते तेव्हा ख्रिस्त स्वतः बोलतो. आपण आवाज देतो. तो आवाज कापरा असला, तरी शब्द तोच राहतो.

उत्तर (वेंगुर्ल्याहून)

मी प्रॉटेस्टंट मंडळीतला आहे. वरील उत्तर मला पटते, परंतु त्यातून ताईंनी वाचलेच पाहिजे असा अर्थ निघू नये, असे वाटते. यंदा वाचन दुसऱ्याला देणे हाही अविश्वास नव्हे. उपासना मंडळीची असते. एकाला ‘आमेन’ म्हणवत नाही, तेव्हा शेजारचा म्हणतो, आणि पुढे कधीतरी पाळी उलटते.

आमच्या भागात जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण मला नेहमी आठवते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र त्या वेळी त्यांच्यासोबत नव्हत्या. वियोगाची कठीण वर्षे गेल्यावर त्या स्वतःच्या पावलांनी त्या विश्वासापर्यंत आल्या. एका घरातही विश्वास सर्वांना एकाच दिवशी येत नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे एका माणसातही तो सगळा एकदम येत नाही.

उत्तर (रत्नागिरीजवळून)

माझी आंब्याची लहान बाग आहे, म्हणून त्याच रविवारच्या दुसऱ्या वाचनाकडे लक्ष वेधतो. याकोबाच्या पत्रातील ५ व्या अध्यायात शेतकरी भूमीच्या मोलवान पिकासाठी पहिला आणि शेवटचा पाऊस होईपर्यंत धीर धरतो, असे म्हटले आहे. बायबलच्या त्या देशात पहिला पाऊस पेरणीच्या सुमारास आणि शेवटचा वसंतात, कापणीच्या आधी येतो. आपल्याकडे डिसेंबरात हेच मोहोराच्या बाबतीत घडते. थंडी आपल्या हातात नसते, आणि मोहोर आला तरी तो सगळा फळ धरत नाही. बराचसा गळून जातो. तरीही आपण फवारणी करतो, तुडतुडा ही कीड लागली का ते पाहतो, पहाटे बागेत जातो. याकोबाचा धीर मला असा दिसतो. एक सुचवावेसे वाटते: यशया जड जात असेल, तर फादरांना विचारून हे दुसरे वाचन मागून घ्या. त्यामुळे सेवाही सुटणार नाही.

प्रश्नकर्तीकडून (मालवणहून)

तिघांचेही मनापासून आभार. योहानाला पाठवलेल्या निरोपात सुटकेचा उल्लेख नाही, ही गोष्ट नऊ वर्षे वाचन करूनही माझ्या लक्षात आली नव्हती. काल फादरांशी बोलले. त्यांनी दोन्ही वाचने माझ्यासमोर ठेवली आणि निवड माझ्यावर सोपवली. मी यशया घेतला. त्याच वाचनात, लंगड्याच्या ओळीच्या जरा आधी, गळलेले हात बळकट करा आणि लटपटणारे गुडघे स्थिर करा, असे सांगितले आहे. शेवटच्या काही महिन्यांत वडिलांचे हात आणि गुडघे मीच रोज तेल लावून चोळत असे. तेवढी ओळ मला खात्रीने वाचता येईल. पुढच्या ओळीपाशी आवाज अडला, तर थोडी थांबेन आणि मग वाचेन. वाचनानंतरचा प्रतिसाद इतरांनी म्हणावा.