मदत हवी आहे: मस्टँग जीटीला मागे ३०५ मिमी रुंदीचे टायर टाकावेत का?

बार्देसकर

गाडी फोर्ड मस्टँग जीटी, २०१८, ५.० व्ही८, ऑटोमॅटिक. रिम कंपनीच्याच: पुढे १९ × ९, मागे १९ × ९.५ (इंचांत व्यास × रुंदी). टायर पुढे २५५/४० आर१९ (म्हणजे रुंदी २५५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, रिम १९ इंची), मागे २७५/४० आर१९, तेही मूळचेच. बाजूवरचा तारखेचा आकडा ३३१७, म्हणजे २०१७ चा तेहतिसावा आठवडा. पुढच्यांची नक्षी ४ मिमी. मागे मधोमध ३ मिमी, पण आतली कड झिजत जवळजवळ टायर बदलायच्या खुणेला टेकली आहे.

वापर: म्हापसा ते मडगाव हायवे ६६, रविवारी सकाळी चोर्ला घाट, मधेमधे मोपाचा रस्ता. गाडी पावसातही बाहेर निघते. ट्रॅकवर कधीच नाही.

आता चारही बदलायचेच आहेत, तर रुंद घ्यावेत असं मनात आहे. पुढे २७५/४०, मागे ३०५/३५, रिम आहेत त्याच. मागून गाडी भरलेली दिसेल आणि पकडही वाढेल. कोणी बसवलेत का? कुठे घासतात? ब्रँड कोणता?

रबरतज्ज्ञ

आधी रिम बघा, टायर नंतर. ३०५/३५ ला निदान १० इंची रिम लागते. तुमची ९.५ ची. दुकानदार बसवून देईल, हवाही धरेल, पण टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगीर होतो. मग रस्त्याला टेकतो तो मधलाच पट्टा. बाजूची भिंत रिमच्या बाहेर लोंबत राहते आणि वळणात टायर डुलतो. रुंदीचे पैसे मोजून २७५ पेक्षा ढिली गाडी मिळेल.

पुढे २७५/४० ला ९ ची रिम अगदी खालच्या मर्यादेला बसते. चालेल, पण टायरचा व्यास ६८६.६ वरून ७०२.६ मिमी होतो, म्हणजे त्रिज्या ८ मिमीने वाढते. पूर्ण स्टिअरिंग कापल्यावर आतल्या प्लॅस्टिकला लागतो का, ते बसवण्याआधी मोजावं लागेल. गाडी जॅकवर टांगलेली असताना मोजू नका. चाकावर वजन असताना, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून मोजा.

जांभाकिनारा

पकडीचं गणित कोरड्यात एक, पावसात दुसरं.

टायर जमिनीला किती टेकतो हे रुंदीवर फारसं ठरत नाही, ते वजन आणि हवेवर ठरतं. एका चाकावर ढोबळमानाने सव्वाचारशे-साडेचारशे किलो आणि ३२ पीएसआय हवा धरली, तर टेकणारा भाग २०० चौ. सेंमी.च्या आतबाहेर. टायर रुंद केला की हाच भाग आडवा पसरतो आणि लांबीला आखडतो: २७५ ला साधारण ८ सेंमी, ३०५ ला ७ च्या आसपास. आडवा पसरलेला भाग वळणात चांगला. पण पाण्यात त्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ते सारायला वेळ कमी मिळतो.

विमानांच्या चाकांसाठी नासाने काढलेलं जुनं सूत्र आहे. साचलेल्या पाण्यात गुळगुळीत टायर कोणत्या वेगाला तरंगायला लागेल हे ते हवेच्या दाबावरून सांगतं. ३२ पीएसआयला ताशी ९४ किमीच्या आसपास, २६ ला ८५. कारला ते जसंच्या तसं लावता येत नाही. नवी नक्षी असेल तर वेग वर जातो, रुंद टायर असेल तर खाली येतो. तरी त्यातून दोन गोष्टी पक्क्या कळतात. पावसाळ्यात आराम मिळावा म्हणून हवा कमी करायची नाही. आणि ३ मिमी नक्षीवर जुलैत हायवे ६६ वर ऐंशीने जायचं नाही. कायद्याची मर्यादा १.६ असली तरी मागे ताकद असलेल्या, रुंद टायरांच्या गाडीला ३ मिमी हीच शेवटची रेघ माना.

बार्देसकर

पटलं. मग मधला मार्ग? मागे २८५/३५? त्याला ९.५ ची रिम चालते असं वाचलं.

रबरतज्ज्ञ

रिमला चालते, गाडीला नाही. २७५/४० चा व्यास ७०२.६, २८५/३५ चा ६८२.१. मागची बाजू १० मिमीने खाली बसते. गोव्यातल्या वाड्यावाड्यांचे गतिरोधक आठवा. दुसरं, आज मागचं चाक पुढच्यापेक्षा २.३ टक्के मोठं आहे. ते उलट पुढच्यापेक्षा जरासं लहान होईल. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (गॅस देताना चाक घसरू न देणारी) चाकांच्या वेगातला फरक बघूनच काम करतात, त्यांना उगाच नवं कोडं घालू नका. तिसरं, भिंत ११० मिमीवरून १०० मिमीवर येते. खड्ड्यात रिम वाकण्याआधी जी गादी असते, ती हीच.

२८५/४० घेतला तर व्यास ७१०.६, फरक फक्त १.१ टक्का. कागदावर हे जमतं. पण १० मिमी रुंदी डोळ्यांना दिसतही नाही आणि हा साइज मागवायला थांबावं लागेल. उसगावात टायरचा मोठा कारखाना असला म्हणून पणजीच्या दुकानात १९ इंची ४० ची भिंत हजर असते असं नाही.

घाटमाथा

इथे सगळेच रुंदीच्या विरोधात दिसताहेत, म्हणून दुसरी बाजू. कोरड्या चोर्ल्यात, तापलेल्या डांबरावर, १० किंवा १०.५ इंची रिमवर नीट ताणून बसलेला ३०५ खरोखर वेगळा असतो. वळणातून बाहेर पडताना गॅस आधी देता येतो. पण त्याला रिम बदलाव्या लागतात, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसते ते माप) जुळवावा लागतो आणि रिमचं मधलं भोक ७०.५ मिमी हवं. ते मोठं असेल तर रिंग घालावी लागते, नाहीतर ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. ते सगळं करून पावसाळ्यासाठी जुन्या रिमवर २५५/२७५ चा दुसरा संच ठेवायची तयारी असेल तर जरूर करा. एकाच संचावर बारा महिने काढायचे असतील तर नको.

आणि रुंद टायर रस्त्याच्या चाकोऱ्या धरतो. अवजड गाड्यांनी डांबर दाबलेलं असतं तिथे स्टिअरिंग स्वतःहून डावी-उजवीकडे ओढतं.

बार्देसकर

दोन संच ठेवायला जागा नाही. म्हणजे मूळ माप. मग सेमी-स्लिक प्रकारातले (ट्रॅकसाठीचे, जवळजवळ गुळगुळीत) घेऊ का? निदान रबर तरी मऊ.

जांभाकिनारा

नको, अजिबात नको. त्यांची नक्षी नवी असतानाच उथळ आणि पाणी वाहून नेणाऱ्या खाचा मोजक्या. जूनच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल, धूळ आणि जांभ्याची लाल माती मिळून जो चिखल होतो, त्यावर ते साबणासारखे चालतात. बाजूवर ट्रेडवेअरचा आकडा असतो, जितका मोठा तितका टायर उशिरा झिजतो. तुमच्या वापराला २८० ते ३४० च्या दरम्यानचा उन्हाळी परफॉर्मन्स टायर बघा. त्याच ओळीत ट्रॅक्शनचं अक्षर असतं, ते ए किंवा डबल ए हवं. ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड ते अक्षर सांगतं, वळणातली नाही.

मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस या दोन्ही मापांत बनतो, ट्रेडवेअर ३००. पिरेली पी झीरो हा या गाडीचा ओळखीचा टायर. दोघांपैकी ताजा जो मिळेल तो. पुढे एक ब्रँड, मागे दुसरा, असं मात्र करू नका. पावसात पुढचा धरतो आणि मागचा सुटतो, किंवा उलट, आणि कुठलं होईल ते आधी कळत नाही.

रबरतज्ज्ञ

खरेदी करताना दुकानातच, बसवण्याआधी, टायर आडवा ठेवून या गोष्टी बघा:

तारीख. चार आकडी लंबगोल शिक्का टायरच्या एकाच बाजूला असतो, तो समोर नसेल तर टायर उलटवून बघा. वर्षापेक्षा जुना घेऊ नका. हे माप कमी खपतं, त्यामुळे गोदामात पडून राहिलेला माल हमखास पुढे सरकवला जातो. चारही टायरांच्या तारखा एकेक करून बघा, एकाचीच बघून मान डोलावू नका.

वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर. पुढे ९६ म्हणजे ७१० किलो, १०० एक्सएल (जास्त वजन पेलणारा) म्हणजे ८००. मागे १०१ म्हणजे ८२५, १०५ एक्सएल म्हणजे ९२५. एक्सएलची भिंत जरा टणक असते, आपल्या खड्ड्यांना ती बरी. अक्षर वाय हवं, म्हणजे ३०० किमी. तुम्ही त्या वेगाने जाणार नाहीच, पण मूळच्यापेक्षा खालचं अक्षर टाकून विमा कंपनीच्या हातात आयतं कारण देऊ नका. टायरचं माप बदलण्याचंही तेच. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापाबाहेर गेलात तर अपघातानंतर सर्व्हेअर पहिला फोटो टायरचा काढतो.

आयएसआय खूण. आपल्याकडे कारच्या टायरला ती सक्तीची आहे. ‘बाहेरून आणून देतो, बिल नको’ म्हणणाऱ्याकडे ती नसते आणि वॉरंटीही नसते.

मागचे दोन्ही एकदमच बदला. या गाडीला मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल आहे, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देता ताकद दोन्ही चाकांना वाटणारा भाग. एक नवा आणि एक झिजका लावलात तर दोन्हींचा घेर वेगळा, त्यामुळे सरळ रस्त्यावरही आतल्या क्लचप्लेटी सतत घासत राहतात.

व्हीलनट

आतली कड झिजली आहे ना? ती बरी केल्याशिवाय नवे टायर चढवले तर दीड वर्षात हेच होईल. तळहात टायरवर आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघताना चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) बिघडला आहे. दोन्ही दिशांना सारखंच पण आत उतरतं असेल तर कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल). मागे दोन्ही बोल्टने जुळवता येतात. पुढे कॅम्बर कंपनीच्या बोल्टने हलत नाही, वेगळे बोल्ट किंवा प्लेट लागतात. अलाइनमेंटवाला ‘पुढचं केलं, मागचं लागत नाही’ म्हणाला तर गाडी बाहेर काढा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही छापील कागद मागून घ्या.

बसवताना:

टायर चढवायचं मशीन रिमची कड सांभाळणाऱ्या हातासकटचं हवं. साध्या मशीनवर लोखंडी पट्टीने ४० ची भिंत चढवली की रिमची कड सोलून निघते. व्हॉल्व्हच्या मुळाशी हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. टायर सोडवताना पहिला दाब व्हॉल्व्हजवळ द्यायचा नाही, हे आधीच सांगा. एखादा सेन्सर बदलायची वेळ आली तर जुन्यावरचा फ्रिक्वेन्सीचा आकडा जुळवून घ्या.

साबणपाणी बेताने. जास्त झालं की पहिल्याच जोरदार गॅसला टायर रिमवर सरकतो आणि बॅलन्सिंग गेलं. यासाठीच टायर आणि रिमवर समोरासमोर खडूची खूण करा, दोन दिवसांनी बघा. टायर रिमच्या कडेला नीट बसत नसेल तर ४० पीएसआयच्या वर हवा मारू देऊ नका. हवा सोडा, पुन्हा वंगण लावा, पुन्हा भरा.

बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवायची, ठोकायची नाहीत. चिकटवण्याआधी रिम स्पिरिटने पुसली नाही तर पहिल्या पावसात पट्टी गळून पडते.

हब, म्हणजे रिम ज्यावर बसते तो मधला भाग, बघा. आपल्या खाऱ्या हवेत रिम हबला गंजून धरते आणि लाथा मारून काढावी लागते. तारेच्या ब्रशने गंज काढा, हबच्या गोल कडेवर अँटीसीझचा (गंजून धरू नये म्हणून लावायच्या वंगणाचा) पातळ हात फिरवा. स्टडला आणि नटांच्या बैठकीला ते अजिबात लावू नका, नट गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. नट एम१४, चांदणीच्या क्रमाने, टॉर्क रेंचने २०४ न्यूटन मीटर. गनने आवळून झाल्यावर वर टॉर्क रेंच टकटक करून दाखवणं म्हणजे नुसता देखावा. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

पहिले तीनशे किलोमीटर सांभाळून. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर झिजायला तेवढं चालावं लागतं, पावसात तर नक्कीच.

बार्देसकर

ठरलं: २५५/४० आणि २७५/४०, चारही एकाच ब्रँडचे, एक्सएल. अलाइनमेंट पुढे-मागे दोन्हीकडे. दोन शेवटचे प्रश्न. स्टेपनी नाही, पंक्चर झालं तर? आणि पुढे-मागे अदलाबदल?

घाटमाथा

अदलाबदल पुढे-मागे होत नाही, मापं वेगळी. नक्षी असममित असेल, म्हणजे ‘बाहेरची बाजू’ असं लिहिलेली, तर डावं-उजवं बदलता येतं. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर रिमवरून उतरवल्याशिवाय तेही नाही.

व्हीलनट

खिळा नक्षीत असेल आणि भोक ६ मिमीपर्यंत असेल तर टायर उतरवून आतून छत्रीसारखा पॅच मारून घ्या. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोचण्यापुरती. कडेजवळ किंवा भिंतीत भोक असेल तर दुरुस्ती नाही, टायर बाद. खड्ड्यानंतर भिंतीवर फुगा आला तरी तेच, आतले धागे तुटलेले असतात.

गाडीबरोबर आलेलं, पंक्चर बुजवणाऱ्या फेसाचं किट चोर्ल्यात अंधार पडला असेल तेव्हाच वापरा. ते भरलं की पंक्चरवाला टायर हातात घ्यायला कुरकुरतो, आणि सेन्सरही धुवावा लागतो. बाटलीवरची मुदत आजच बघा, २०१८ ची बाटली संपली असणार. नुसता कॉम्प्रेसर आणि एक प्रेशर गेज मात्र डिकीत कायम असू द्या. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे. वेर्ण्याला पोचून तापल्या टायरात बघितलीत तर आकडा जास्त दिसेल, तो बघून हवा सोडू नका.