अक्षरांची उंची कागदावरची धरा

ऑटोकॅडमध्ये (संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) १:१०० च्या प्लॅनवर नीट दिसणारी नावं आणि मापं १:५० च्या टॉयलेट डिटेलमध्ये दुप्पट मोठी छापली जातात, म्हणून मजकुराची दुसरी प्रत वेगळ्या लेयरवर (ड्रॉइंगचा दाखवता-लपवता येणारा थर) ठेवा, असं काही जण सुचवतात. चालतं तसं. पण माप बदललं की दोन्हीकडे बदलावं लागतं, आणि एक हमखास राहून जातं.

ऑटोकॅड २००८ पासून अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्ट आहे, म्हणजे स्केलप्रमाणे आपला आकार बदलणारा मजकूर, ते वापरा. छापल्यावर हवी ती उंची द्यायची, समजा २.५ मिमी. ड्रॉइंग मिमीमध्ये असेल तर मॉडेलमध्ये (जिथे आपण खऱ्या मापात काढतो) १:१०० साठी तो मजकूर आपोआप २५० चा होतो, १:५० साठी १२५ चा. मात्र त्याला दोन्ही स्केल जोडलेली हवीत, नाहीतर एका व्ह्यूपोर्टमध्ये (शीटवर मॉडेल दाखवणारी चौकट) तो दिसतच नाही आणि लोक लेयर तपासत बसतात. मापं कशी दिसतील ते ठरवणारी डायमेन्शन स्टाइलही अ‍ॅनोटेटिव्हच ठेवा.

लेयरचं काम निराळं. इलेक्ट्रिकल शीटवर फर्निचर नको असेल तर लेयर ऑफ करू नका, सगळ्याच शीटवरून जाईल. त्या व्ह्यूपोर्टपुरता फ्रीज करा, म्हणजे तेवढ्यातच लपेल. आणि मापं टाकताना ऑटोकॅड आपणहून बनवतं त्या डेफपॉइंट्स लेयरवर काही काढू नका हो! स्क्रीनवर दिसतं, छापून येत नाही.