गेमिंग लॅपटॉप: वॅट विचारा
मुलाला गेमिंगसाठी लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, असं विचारलंत. मुलगा इंजिनिअरिंगला संभाजीनगरात होस्टेलवर राहणार म्हणताय, तर लॅपटॉपच घ्या. डेस्कटॉप कुठं ओढत नेणार? पण लाइट गेली तरी लॅपटॉपवर गेम चालतो, असं इथं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डाला, म्हणजे गेमची चित्रं तयार करणाऱ्या भागाला, पुरेशी वीज मिळत नाही, मोठा गेम अडखळतोच. नुसतं 'आरटीएक्स ४०६०' असं कार्डाचं नाव बघून भुलू नका. लॅपटॉपात तेच कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज घेणारं येतं, त्यानं वेगात बराच फरक पडतो. दुकानदार आपणहून सांगणार नाही, विचाराच. आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कार्ड तापून आपोआप मंदावतं. पण म्हणून कूलरचा ओला झोत थेट लॅपटॉपवर सोडू नका म्हणजे झालं! मुलगा घरीच राहणार असता तर मी डेस्कटॉपच सांगितला असता.