एकांकिकेसाठी सल्ला हवाय: लँड आर्मीतल्या दोघींना कोणतं काम द्यावं?

पडदावर: विमेन्स लँड आर्मीतल्या (युद्धकाळात शेतीकामासाठी उभारलेलं ब्रिटिश स्त्रियांचं दल) दोघींवर एकांकिका लिहितेय. इंग्लंड, १९४२, मोठ्या हवेलीमागची भाजीबाग. मैत्री संवादांतून नको, कामातून दिसायला हवी. दोघींशिवाय होणारच नाही असं काम सुचवा. सध्या ‘डिग फॉर व्हिक्टरी’चा (घरोघरी भाजी पिकवा, ही सरकारी युद्धमोहीम) दहा रॉडचा तुकडा डोळ्यांपुढे आहे.

वाफसा: आधी गल्लत सोडवा. दहा रॉडचा तुकडा (साधारण २५० चौ. मीटर) म्हणजे घरच्यांनी फावल्या वेळात पिकवायची जागा. लँड आर्मी ही पगारी नोकरी. १९३९ च्या जूनमध्ये ती पुन्हा उभी राहिली. हिरवा स्वेटर, तपकिरी ब्रीचेस. गमबूट दोघींना देऊ नका, रबर पुरवणारा मलाया जपान्यांच्या हाती पडल्यावर रबराची टंचाई होती.

काम बटाट्याचं घ्या. एप्रिलमध्ये लागण: दोन ओळींत ७० सेंमी, दोन बेण्यांत ३८. रोपं वीतभर झाली की भर. एक डावीकडून, दुसरी उजवीकडून माती ओढते. एक मागे पडली की वरंबा एका अंगाला कलतो आणि उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होतात. न बोलता एकमेकींची चाल धरावीच लागते.

आडवी करवत: मी लाकूडतोड सुचवेन. टिंबर कोर (लँड आर्मीचीच लाकूडतोडीची शाखा) १९४२ मध्येच निघाली. दोघींच्या करवतीत फक्त ओढायचं असतं, ढकललं की पातं वाकतं.

वाफसा: छान आहे, पण मग बाग सुटली! त्यापेक्षा जुलैतली करप्यावरची (बटाट्याची पानं करपवणारा रोग) फवारणी बघा. एक बादलीतला पंप मारते, दुसरी नळी धरून पानांच्या खालूनही फवारते. बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक), १० लिटरला: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना. दोन्ही वेगवेगळे, लाकडी भांड्यांत विरघळवायचे. लोखंडी भांड्याला मोरचूद खातं. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही. चकचकीत खिळा मिनिटभर बुडवा: तांबूस झाला तर चुना कमी, पानं जळणार. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं.

करप्याचे डाग पसरल्यावर फवारून उपयोग नाही. मग पाला कापून बाहेर न्यायचा आणि काढणीला किमान दोन आठवडे थांबायचं, नाहीतर बीजाणू ओल्या बटाट्यांना लागून साठवणीत सडतात. नाट्य हवं असेल तर हे थांबणंच घ्या. एकीला घाई, दुसरी अडवतेय.

पडदावर: खिळ्याचा प्रसंग पक्का! संध्याकाळचा प्रकाश किती वाजेपर्यंत ठेवू?

आडवी करवत: तेव्हा उन्हाळ्यात घड्याळं ग्रीनिच वेळेच्या दोन तास पुढे होती. जुलैत रात्री दहालाही उजेड चालेल.

वाफसा: रंगमंचावर खरं मोरचूद नको, डोळ्यांत उडालं तर वाईट. पाण्यात खडूची पूड आणि चिमूटभर नीळ. आणि खिळा आधीच तांब्याच्या रंगात रंगवलेला दुसरा ठेवा, बदलायला.