विषय: गणेशोत्सव पत्रक – 'व्यसनमुक्ती' शब्द ठेवायचा की काढायचा?

मंडळी,
पत्रक आज रात्री छापायला जातंय. आरती आणि महाप्रसादाच्या मधली २० मिनिटं नार्कॅनच्या (अफूसारख्या औषधांच्या अतिमात्रेवर उतारा देणारा नाकातला फवारा) प्रात्यक्षिकाला दिलीत, ते ठरलंय. अडलंय शीर्षकावर. 'व्यसनमुक्ती' वाचून तीन फोन आले. ९ पर्यंत कळवा.
– सचिव

त्यातला एक फोन माझा. बाप्पासमोर तो शब्द नको. आणि त्या टेबलापाशी कोण थांबलं हे रात्रीपर्यंत अख्ख्या एडिसन गावाला कळेल. टेबल लॉबीत न्या.
– सांस्कृतिक समिती

लॉबीत दरवर्षी पुस्तकं असतात. ती हलणार नाहीत.
– ग्रंथालय

काकू, टेबल कुठेही ठेवा. गेल्या वर्षी आमच्या डॉर्ममधल्या एकाने परीक्षेच्या आदल्या रात्री अ‍ॅडेरॉल (एकाग्रतेचं औषध) समजून कुणाकडून तरी एक गोळी घेतली. निघालं फेंटानिल, अफूच्या जातीचं पण कितीतरी जहाल. त्याचं २ मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतं. तो घोरतोय असं वाटून आम्ही दार ओढून घेतलं होतं. ओठ निळे दिसले तेव्हा कळलं. मजल्यावरच्या सीनियरने एका नाकपुडीत नार्कॅनचा फवारा मारला, तीन मिनिटांनी दुसरा. तो व्यसनी नव्हता. 'व्यसनमुक्ती' वाचलं तर माझे आईबाबा 'आपल्यात नाही बाई' म्हणून जेवायच्या रांगेत जातील.
– युवा समिती

शब्दाला कशाला भ्यायचं? पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र काढलं. माझा धाकटा भाऊ तिथे राहून बरा झाला. आईने मात्र गावभर 'नोकरीला गेलाय' सांगितलं. परत आल्यावर बिचारा कुठली नोकरी ते सांगत बसला. आणि शुक्रवारच्या दारूच्या बैठकीत पोरांना बर्फ आणायला पाठवतो, त्याचं काय?
– मावशी (पार्सिपनी)

बैठकीचा इथे काय संबंध? ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.
– माजी अध्यक्ष

खजिनदारांसाठी: खर्च शून्य. न्यू जर्सीत १४ वर्षं किंवा त्याहून मोठ्या कुणालाही राज्याच्या योजनेतल्या फार्मसीत नार्कॅन फुकट मिळतं, नावही विचारत नाहीत. आणि मुलं पोलिसांच्या धाकाने ९११ (आणीबाणीचा नंबर) लावत नाहीत. मदत मागणाऱ्याला २०१३च्या कायद्याचं संरक्षण आहे, हे स्टेजवरून मराठीत सांगा.
– फार्मसीवाल्या वहिनी

शीर्षक: 'श्वास थांबला तर काय कराल?' खाली लहान अक्षरात 'व्यसनमुक्ती'. टेबल पुस्तकांना लागून. मावशी, शेवटी दोन मिनिटं बोलाल?
– सचिव

भावाला फोन करते. तो हो म्हणाला तर बोलेन.
– मावशी